वार कुठल्या वारी पडावी?

अभिनंदन! गरोदरपण आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाची फुफ्फुसं यावर रिसर्च करणारी युनिव्हर्सिटीची लॅब तुमच्या गळ्यात पडलीय, तीही सांगलीत. सांभाळायचं काय तर दोन घड्याळं. एक पोटातल्या बाळाचं, ते आठवड्यांवर चालतं आणि कुणाच्या बापासाठी थांबत नाही. दुसरं ऑफिसचं, ते साडेदहाला उघडतं, जेवायला दीड तास बंद पडतं आणि मार्च आला की पिसाटासारखं पळतं. दोन्ही जुळवायच्या भानगडीत पडू नका. ऑफिसचंच बरोबर धरा, बाळाला काय, होईल सवय.

थोडं सायन्स पाठ करून ठेवा, कमिटी आली की लागतं. मंडईत भाजीवाला पातळ पिशवी देतो ना, ओली झाली की तिच्या दोन्ही बाजू अशा चिकटतात की नखानंही उघडत नाही, तसंच वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसातल्या बारीक फुग्यांचं होतं. ते चिकटू नयेत म्हणून सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा थर लागतो, तो साधारण 24व्या आठवड्यापासून बनायला लागतो पण पुरेसा व्हायला 34-35वा उजाडतो. मेरी एलन एव्हरी या डॉक्टरबाईंनी 1959 साली दाखवलं की श्वास लागून दगावणाऱ्या बाळांत हाच थर कमी असतो. आणि 1963 मध्ये खुद्द अमेरिकेच्या अध्यक्षांचं, केनेडींचं बाळ साडेपाच आठवडे आधी जन्मलं आणि दोन दिवसांत याच आजारानं गेलं. फंड मागताना हे सांगायचं. समोरचे साहेब अर्धा मिनिट खरंच गप्प होतात, मग विचारतात, आकडा जीएसटी धरून का सोडून?

न्यूझीलंडच्या डॉक्टर लिगिन्सची गोष्ट मात्र चुकूनही काढू नका. मेंढ्यांवर प्रयोग करताना त्यांना दिसलं की स्टेरॉइड मिळालेलं कोकरू, इतकं आधी जन्मलं की जगायलाच नको होतं, ते चक्क श्वास घेतंय, आणि 1972 ला डॉक्टर हॉवींबरोबर त्यांनी छापलं की आईला आधी इंजेक्शन दिलं तर बाळं वाचतात. आज आपल्याकडं डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे 6 मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी देतात, त्याचं मूळ तिथंच. पण हे ऐकून सरांना मेंढी घ्यायची हुक्की आली तर मेलात तुम्ही. माडग्याळी मेंढी आटपाडीच्या बाजारात उभ्या उभ्या मिळेल हो, पण नियमात तीन सीलबंद कोटेशनं बसतात, आणि मेंढपाळ काय लेटरहेडवर रेट देणार? वर स्पेसिफिकेशनमध्ये गाभण लिहिलं तर वॉरंटी किती म्हणून क्वेरी येणार.

म्हणून आपलं उंदरांवर भागवायचं. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते, तिच्या खाद्याची फाईल पाच आठवड्यांत. आमच्याकडं सहा माद्या मागवल्या, रजिस्टरला सहा लागल्या, ऑडिटला मोजल्या तर त्रेसष्ट. साहेब म्हणाले, जादाच्या सत्तावन्नची पावती कुठाय?

आता मेन विषय, वार, म्हणजे बाळंतपणात बाळामागनं पडते ती प्लॅसेंटा. ती पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तुकडे काढून, थंड सलाईननं रक्त धुऊन लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकायची, नाहीतर आतला आरएनए, म्हणजे पेशीतला निरोप्या, तुटून जातो आणि तुम्ही पुढं दोन वर्षं कचरा तपासत बसता. नायट्रोजन संपला तर गाई-म्हशी भरवणाऱ्या डॉक्टरांकडून उसना आणा, वळूच्या वीर्याच्या कांड्या आणि आमची सॅम्पलं एकाच कॅनमधल्या गारव्यावर जगलीत. मंजुरीच्या कागदावर मी लिहिलं, 'वार मिळताच प्रक्रिया केली जाईल', तर क्लार्क मॅडमनी बाजूला पेन्सिलीनं लिहून पाठवलं, 'कोणता वार ते नमूद करावे.' समजावून सांगितल्यावर लाजल्या, आणि दुसरी क्वेरी काढली, ही वस्तू कन्झ्युमेबलला घ्यायची का डेड स्टॉकला?

संमतीचा फॉर्म मस्त अकरा पानी ठेवा, त्यात वारेला 'अपरा' म्हणा, म्हणजे कुणालाच कळणार नाही. तपासणीला येते तेव्हाच बाईला निवांत समजावून सही घ्यायची असते, पण कळा सुरू झाल्यावर घेण्यात वेगळीच मजा. सासू विचारते, "वार? ती आमी पुरतो की वो, तुमाला कशाला पायजे?" अकरा पानांत याचं उत्तर नाही. आणि ऊसतोडीला बीडकडनं आलेल्या बाया, आठव्या महिन्यात डोक्यावर मोळी, संध्याकाळी खोपीत चुलीचा धूर, खरं तर या रिसर्चमध्ये पहिल्या याच पाहिजेत. पण फॉर्मला कायमचा पत्ता, पिनकोड आणि सहा महिन्यांनी बाळाची तपासणी लागते, आणि तोवर पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, त्या गावाला गेलेल्या असतात. वगळा त्यांना. डेटा स्वच्छ दिसतो.

फ्रीझर मायनस 80चा, लाईट आपली सांगलीची. पावसाळ्यात सगळं गाव आयर्विन पुलाची पातळी बघतं, तुम्ही फ्रीझरचं टेंपरेचरही बघा. 2019 च्या पुरात लोक संसार वरच्या मजल्यावर नेत होते, आम्ही थर्माकोलचे डबे.

हे सगळं जमलं की रात्री अडीचला सिस्टरांचा फोन येतो, "सर, पडली बघा वार, येताय न्हवं?" तुम्ही स्वेटर घालून मिरज गाठता, तुकडे काढता, सहाला घरी येता आणि साडेदहाला पेट्रोलचं बिल लावता. ते चौथ्या दिवशी परत येतं. कार्यालयीन वेळेबाहेरच्या कामाची पूर्वपरवानगी जोडलेली नाही. दिनांक, वार, वेळ आगाऊ कळवावी.

मी अर्ज भरलाय. वाराच्या रकान्यात सातही लिहिलेत.