खुलासा : पन्नास मीटर पिस्तूल आणि 'घरी भरलेली' काडतुसे

पन्नास मीटर पिस्तूल प्रकारातले नेमबाज अचूकतेसाठी आपली काडतुसे स्वतः घरी भरतात, म्हणजे रिकाम्या नळकांड्यात दारू आणि गोळी घालून ती तयार करतात, असा एक मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. २०१४च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत जितू रायने ज्यात सुवर्णपदक मिळवले, त्या या प्रकारात ५.६ मिमी व्यासाचे रिमफायर काडतूस वापरतात. त्याचे स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते, घोड्याच्या आघाताने ती कड चेपते आणि दारू पेटवणारी, बदलण्याजोगी वेगळी टोपी नसल्यामुळे रिकामे नळकांडे पुन्हा भरणे व्यवहारात शक्य नसते. नेमबाज करतात ते इतकेच, की पिस्तूल शिकंजात घट्ट बसवून कारखान्याच्या निरनिराळ्या लॉटमधल्या (एका वेळी बनवलेल्या खेपांमधल्या) गोळ्या झाडतात आणि ज्या लॉटची छिद्रे सर्वांत जवळ पडतात तो विकत घेतात.

या गैरसमजाचे मूळ बहुधा अमेरिकेतल्या धातूच्या आकृत्या पाडण्याच्या हॅंडगन स्पर्धांत असावे. तिथे कोंबडी ५०, डुक्कर १००, टर्की १५० आणि एडका २०० मीटरवर असतो. एडक्याला गोळी नुसती लागून भागत नाही, तो आडवा पडावा लागतो. म्हणून तिथले नेमबाज सेंटरफायर (बुडाच्या मध्यभागी बदलता येणारी टोपी असलेल्या) काडतुसांत बंदुकीची दारू तोलून भरतात. भारतात मात्र १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, हे तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.