कॅसेटमध्ये न मावलेले आयर्न मेडन

घरबसल्या उत्तम ध्वनिमुद्रण ऐकता येत असताना मैदानातील गर्दीत तासन्‌तास उभे राहण्याचे कारण उरलेले नाही, हे एका लेखात वाचलेले मत मला मुळीच पटले नाही. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर, मी आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडला प्रत्यक्ष ऐकले. त्यांच्या त्या जागतिक दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता. वाद्ये आणि रंगमंचाचे साहित्य घेऊन ते स्वतःच्या बोइंग ७५७ विमानाने आले होते आणि गायक ब्रूस डिकिन्सन हेच त्या विमानाचे वैमानिक होते.

कॅसेटवर वर्षानुवर्षे ऐकताना डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ आणि यानिक गर्स यांच्या तीन गिटारी मला एकजीव वाटत असत. तेथे मात्र कोणती सुरावट कोणाच्या बोटांतून निघते हे डोळ्यांना दिसले, आणि स्टीव्ह हॅरिस यांच्या बास गिटारचा आवाज, जो आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये जेमतेम ऐकू येई, तो थेट छातीत जाणवला. ‘फिअर ऑफ द डार्क’ हे त्यांचे गाणे सुरू होताच त्यातील गिटारची सुरावट हजारो लोक शब्दांवाचून गाऊ लागले. माझ्या शेजारचा अनोळखी मुलगा आणि मी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होतो. घरी परतल्यावर मी तेच गाणे पुन्हा लावले, तेव्हा त्यात तो कोरस नव्हता.