रासायनिक खत बंद करायला डिग्री कशाला लागते?

प्रवेशाचे दिवस आले की एक मेसेज हमखास फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘शाश्वत शेती म्हणजे रसायनं न टाकणं. आपले आजे-पणजे तेच करत होते. त्यासाठी कॉलेजात चार वर्षं कशाला घालवायची? आणि शिकून तरी करणार काय? एक तर शेतात राबणार, नाहीतर एखाद्या संस्थेत तुटपुंज्या पगारावर फिरणार.’ यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. एका ठिकाणी त्याखाली एका मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं, ‘बरं झालं वाचलं, फॉर्म भरणारच होतो.’ ते वाचून मला राहवेना. मी हाच विषय शिकलो आणि याच कामावर माझं घर चालतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘शाश्वत शेती म्हणजे रसायनं न टाकणं.’ सगळा घोटाळा या वाक्यात आहे, म्हणून इथे जरा थांबू या. नुसतं न टाकल्याने काय होतं ते एका देशाने करून पाहिलं आहे. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पर्यायाची तयारी नव्हती. भात घसरला, चहा घसरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला ती बंदी बरीचशी मागे घ्यावी लागली. शेतकऱ्यांना मेहनत नको होती असं मुळीच नाही. पिकाला लागणारं नत्र, म्हणजे नायट्रोजन, दुसरीकडून कुठून आणि केव्हा मिळणार, याचा हिशोबच कोणी आधी मांडला नव्हता.

तो हिशोब मांडून पाहा. हेक्टरी पाच टन गहू निघाला तर नुसत्या दाण्यांबरोबर साधारण १०० किलो नत्र शेताबाहेर जातं. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं, म्हणजे १०० किलो नत्रासाठी २० टन शेणखत. पण त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला मिळतं ढोबळमानाने एक तृतीयांश. म्हणजे पहिल्याच वर्षी सगळी गरज शेणखतावर भागवायची तर हेक्टरी ६० टन. एवढं आणणार कुठून? मग हवेतलं नत्र मातीत आणणारी द्विदल पिकं, म्हणजे कडधान्यांसारखी, फेरपालटीत (आळीपाळीने पिकं घेण्यात) बसवावी लागतात, हिरवळीचं खत, म्हणजे गाडण्यासाठीच वाढवलेलं हिरवं पीक, नेमक्या कोणत्या आठवड्यात गाडायचं ते ठरवावं लागतं, आधीच्या वर्षांच्या खतातून यंदा किती नत्र सुटेल याचा अंदाज बांधावा लागतो. खताचं पोतं बंद करणं एका दिवसाचं काम आहे. त्या पोत्याचं काम दुसऱ्या कशाकडून करून घेणं, हे शिकावं लागतं.

हे मला वर्गात कळलं नव्हतं, कॉलेजच्या प्लॉटवर कळलं. आमच्या गटाने पेरणीच्या दहा दिवस आधी भरपूर काड, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या वाळक्या काड्या, गाडलं. काडी जाळायची नाही, मातीत परत द्यायची, एवढंच डोक्यात होतं. पीक उगवलं ते पिवळं. खालची पानं आधी पिवळी पडली, मग वाढच थांबली, आणि शेजारच्या गटाचा प्लॉट तोवर गुडघ्याला लागला होता. सरांनी आम्हाला काही सांगितलं नाही, मातीचे नमुने घ्यायला लावले. काडात एका भाग नत्राला जवळपास ८० भाग कर्ब (कार्बन) असतो. तो कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक तेवढे आठवडे उपाशी राहतं. हेच काड दोन महिने आधी गाडलं असतं, किंवा सोबत कोवळा द्विदल पाला मिसळला असता, तर चित्र वेगळं दिसलं असतं. ही चूक स्वतःच्या जमिनीवर झाली असती तर अख्खा हंगाम गेला असता. कॉलेजात एक प्लॉट गेला आणि कारण हातात राहिलं.

‘आजे-पणजे तेच करत होते.’ त्यांच्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. कोणत्या बांधाखाली पाणी थांबतं, कोणतं तण आलं की जमीन काय सांगते, हे त्यांच्याइतकं नेमकं कुठलंच पुस्तक सांगत नाही. पण ते ज्ञान त्यांच्या शेतापुरतं, त्यांच्या बियाण्यापुरतं आणि त्यांच्या काळच्या पावसापुरतं होतं. शिवाय काही गोष्टी एका आयुष्यात डोळ्यांना दिसतच नाहीत. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून एकाच शेतावर गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथल्या एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडतं, एका पट्ट्यात काहीच पडत नाही. शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब आज दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे, पण तिथवर पोचायला पिढ्या गेल्या. हा वेग ज्याला ठाऊक आहे तो दोन वर्षांत जमीन पालटून देण्याच्या जाहिरातीला भुलत नाही.

इंडोनेशियाचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. भातावर तपकिरी तुडतुडे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, मातले होते आणि जितकी फवारणी वाढली तितके ते वाढत गेले, कारण औषधाने त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक आधी मरत होते. हे कीटकशास्त्रज्ञांनी शेतात बसून, मोजून दाखवलं. १९८६ मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. दर आठवड्याला शेतकरी बांधावर जमून भाताच्या एका चुडात (झुपक्यात) किती तुडतुडे, किती कोळी ते मोजत आणि मग फवारायचं की नाही ते ठरवत. शास्त्र आणि शेतकऱ्याचा डोळा एकत्र आले तर काय होतं, ते तिथे दिसलं. मेसेज लिहिणाऱ्याने मात्र या दोघांना एकमेकांसमोर उभं केलं आहे.

‘शिकून करणार काय?’ माझ्या बरोबरच्यांचं सांगतो. एक जण सेंद्रिय प्रमाणीकरणाची निरीक्षक आहे, म्हणजे सेंद्रिय म्हणून विकला जाणारा माल खरंच तसा आहे का ते तपासते. कागदावर दोन हेक्टर गहू, घरी सहा टनांची साठवण आणि विक्रीची बिलं पंधरा टनांची, तर उरलेला माल आला कुठून, हे ती विचारते. ते विचारायला त्या जमिनीत किती पिकू शकतं ते आधी कळावं लागतं. एक जण मित्रकीटक वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. एकाने ठिबकची आखणी करायला घेतली, एक बँकेत शेतीकर्जाची जोखीम तपासतो. मी माती आणि खत व्यवस्थापनाचा सल्ला देतो. नवं काम निघालंय ते उत्सर्जन, म्हणजे शेतातून हवेत सुटणारे तापमान वाढवणारे वायू, मोजण्याचं. जास्तीच्या नत्रातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरून ठेवतो. उत्सर्जन घटवण्याचं वचन दिलेल्या अन्न कंपन्यांना आपल्या मालामागे शेतात किती वायू सुटला ते सांगावं लागतं, आणि त्यासाठी माती आणि आकडे दोन्ही कळणारी माणसं लागतात.

आणि ‘शेतात राबणार’ हे काही शिव्या दिल्यासारखं म्हणायची गरज नाही. शिकून स्वतःची शेती करणारेही आमच्यात आहेत, आणि ते हिशोबाने करतात. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठाच्या मार्सडन फार्मवर मका-सोयाबीनची दोन पिकांची फेरपालट तीन-चार पिकांवर नेली, तेव्हा रासायनिक खत आणि तणनाशक खूपच कमी लागलं आणि नफा जवळपास तेवढाच राहिला. मजुरी मात्र वाढली, तेही त्यांनी लिहून ठेवलं.

मेसेजमधलं एक मला मान्य आहे. सुरुवातीचा पगार संगणकवाल्यांइतका नसतो, आणि काही अभ्यासक्रमांत ‘शाश्वत’ हा शब्द फक्त पाटीवर असतो. तेव्हा त्या वडिलांना माझं सांगणं एवढंच आहे, फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात जा. मातीचं रसायन आणि संख्याशास्त्र सक्तीचं आहे का, ते विचारा. एखाद्या शेतावर पूर्ण हंगाम काढावा लागतो का, ते विचारा. मग मुलांचे प्लॉट बघायला मागा आणि त्यांची मागच्या पाच वर्षांची नोंदवही काढायला सांगा. वही मातीने मळलेली असेल आणि त्यात बुडालेल्या पिकांचीही नोंद असेल, तर तिथे मुलीला घालायला हरकत नाही.