जगमंदिरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उदयपूरच्या पिछोला तलावातल्या बेटावरचा महाल, जगमंदिर, यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया दोन दिवसांत चार वेळा वाचली. इतर वाचकांसाठी आपले मुद्दे थोडक्यात सांगते. जगनिवासचं साल चुकलंय. ताजमहालाची कल्पना शाहजहानला या बेटावर सुचली, ही गाइडांची कहाणी मी लेखात घातली. होडीच्या भाड्याबद्दल मी गप्प राहिले. आणि शेवटी आपलं वाक्य: ‘दीड तास बेटावर फिरून आलेल्यांनी इतिहास सांगायला बसू नये.’

सालाचं कबूल. जगनिवास, म्हणजे पिछोल्यातला दुसरा महाल, जिथे आता हॉटेल आहे, तो दुसऱ्या जगतसिंहांनी १७४३ मध्ये बांधायला घेतला आणि १७४६ मध्ये पुरा झाला. मी ‘१७४३ मध्ये पूर्ण’ लिहिलं होतं. चूक माझी, दाखवून दिलीत त्याबद्दल आभार.

ताजमहालाच्या वाक्यात ‘असं सांगतात’ हे दोन शब्द आहेत, पुन्हा एकदा बघा. आणि होडीचं भाडं घाटावरच्या खिडकीवर लिहिलेलं असतं, माझा लेख म्हणजे दरपत्रक नाही.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते. खरं तर उत्तर लिहायला बसले ती त्याच्यासाठीच. दीड तास हा हिशेब कुठून काढलात? होडीची वेळ दिली होती त्यावरून? माझे वडील देबारीच्या जस्त कारखान्यात नोकरीला होते. वयाच्या नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत मी उदयपुरात वाढले. रविवारी आम्ही फतेहसागरला जायचो, आणि कोल्हापूरहून पाहुणे आले की पिछोल्याला. प्रत्येक पाहुण्याला आई तेच सांगायची, ‘तो पांढरा मोठा दिसतो ना तो नाही, त्याच्या पलीकडे हत्ती आहेत तो बघा.’ एका दुष्काळाच्या उन्हाळ्यात तलाव इतका आटला, की भेगाळलेल्या गाळावरून आम्ही मुलं बेटाच्या अगदी जवळ गेलो. धक्क्यावरचे दगडी हत्ती त्या दिवशी मी पहिल्यांदा खालून वर पाहिले. त्यांच्या पायांखालच्या भिंतीवर वाळलेल्या शेवाळाची काळपट रेघ होती, माझ्या डोक्याच्या वर वीतभर. पाणी एरवी कुठवर येतं ते मी तिथे उभी राहून शिकले. हे दीड तासात शिकता येत नाही, एवढं तरी मान्य कराल?

आणि गाइडचं ऐकून लिहिलं म्हणता, तर लेखातला मधला भाग तुम्ही वाचलाच नाहीत असं मला वाटतं. १६१५ मध्ये मेवाडला, म्हणजे उदयपूरच्या राज्याला, जहांगीराशी तह करावा लागला, तो ज्या शहजादा खुर्रमच्या, म्हणजे पुढच्या शाहजहानच्या, फौजेने नमवलं म्हणून, तोच खुर्रम बापाविरुद्ध उठला आणि काही वर्षांनी त्याच मेवाडच्या दारात आसऱ्याला आला. तह झाल्यावर मेवाडच्या ज्या युवराज करणसिंहांना जहांगीराच्या दरबारात जावं लागलं होतं, त्यांनीच, आता महाराणा म्हणून, त्याला या बेटावर ठेवलं. गुल महाल त्यासाठीच. पिवळसर दगडाचा तो घुमट धक्क्यावर उतरताच समोर दिसतो. बाकीचा महाल पहिल्या जगतसिंहांनी पुरा केला, म्हणून बेटाला त्यांचं नाव. आठ-नऊ वर्षांत शत्रू पाहुणा झाला, ही गोष्ट मला ताजमहालाच्या कहाणीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. तुमच्या प्रतिक्रियेत तिच्याबद्दल एक शब्द नाही.

तीच गोष्ट १८५७ ची. नीमचच्या छावणीत ३ जूनला उठाव झाला, तिथून पळालेल्या इंग्रजांच्या बायकामुलांना महाराणा स्वरूपसिंहांनी याच बेटावर आणून ठेवलं. आता मराठी वाचक म्हणून जरा मागे जा. १७६९ मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. तहाची सगळी रक्कम मेवाडला देता येईना, म्हणून नीमच, जावद हे परगणे शिंद्यांकडे गहाण पडले ते कायमचे. म्हणजे मेवाडच्या हातून आपल्या लोकांनी घेतलेल्या गावातून निघालेली माणसं अठ्ठ्याऐंशी वर्षांनी मेवाडच्याच महालात जीव वाचवून बसली. हा धागा होडीतल्या कुणी मला सांगितलेला नाही. लहानपणी ‘तुम मराठे’ म्हणून वर्गात टोमणे ऐकले, तेव्हापासून मी तो शोधत आले.

तुम्ही टोपणनावाने लिहिता, मी स्वतःच्या नावाने, फोटोसकट. चूक दाखवा, दहा दाखवा, पण कुणी बोलावं आणि कुणी बोलू नये हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? लेखावर राग असेल तर लेखाशी भांडा. माझ्या वडिलांनी ज्या गावात आमची पोटं भरली, त्या गावाबद्दल मी बोलणारच.

जगनिवासचं साल आज सकाळी दुरुस्त केलं आहे. बाकीचा लेख होता तसाच राहील.