जोगजाकार्तातला तो 'डोंगर' वाढदिवसाचा केक नव्हे

'इंडोनेशियातले मुसलमान पैगंबरांच्या वाढदिवसाला डोंगराएवढा केक कापतात' असा मजकूर एका फोटोसह फिरतो आहे. फोटो जावा बेटावरच्या जोगजाकार्ता शहरातल्या 'गरेबेग मुलुद'चा, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिनी निघणाऱ्या मिरवणुकीचा आहे. केक मात्र त्यात कुठेच नाही, आणि कापायचा तर प्रश्नच नाही.

खांद्यावरून वाहून नेतात ती 'गुनुंगान', म्हणजे डोंगराच्या आकाराची खाद्यपदार्थांची रास. जवळून पाहिलं की काही रास चवळीच्या लांब शेंगा आणि लाल मिरच्यांनी मढवलेली दिसते, काही चिकट तांदळाच्या वड्या-पापड्यांनी. या वड्यांनाच कुणीतरी 'केक' म्हटलं असावं आणि पुढे डोंगराचा केक झाला! सुलतानाच्या क्रातोनमधून, म्हणजे राजवाड्यातून, पारंपरिक गणवेशातल्या सैनिकांच्या बंदोबस्तात रास मोठ्या मशिदीकडे जाते. तिथे दुआ होते आणि तिच्यातला पदार्थ बरकत म्हणून लोकांच्या हाती पडतो. आधीचे काही दिवस मशिदीच्या आवारात गुंतुरमादू आणि नागाविलागा हे दोन गामेलान वाद्यसंच वाजत असतात.

शिवाय अशी रास फक्त मौलिदला, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिनीच निघते असंही नाही. रमजान ईद आणि बकरी ईदलाही गरेबेग होतोच.

हा सोहळा 'दरवर्षी याच तारखेला' होतो, असं कुणी म्हटलं तर तेही चूक. दिवस ठरतो रबीउल अव्वल या चांद्र महिन्याच्या १२ तारखेला, सुलतान आगुंग यांनी १६३३ मध्ये सुरू केलेल्या जावाच्या चांद्र पंचांगानुसार. त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते.