बिनपगारी, फुल अधिकारी

"अगं, तू सध्या घरीच आहेस ना?"

नोकरी गेल्यापासून हे वाक्य किती जणांकडून ऐकलं याचा हिशोब मी सोडून दिलाय. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मंडळातून फोन आला तोही असाच सुरू झाला. पुढे कामांची यादी. हॉलवाल्याच्या मागे लागायचं, दीडशे पानांचा स्वयंपाक कोण किती करणार ते ठरवायचं, पोरांच्या नाचाच्या तालमी घ्यायच्या, वर्गणीचा तक्ता ठेवायचा. इतकी वर्षं ही कामं सहाजण मिळून करायचे. आता एक रिकामी बाई सापडली होती.

आम्ही जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असलेली आमच्या ओळखीतली निम्मी मंडळी सध्या धास्तावलेली आहेत, माझा नंबर जरा आधी लागला एवढंच. पर्मनंट रेसिडन्सी असल्याने व्हिसाचं टेन्शन नव्हतं. आर्बाइट्सआम्टात, म्हणजे इथल्या रोजगार कार्यालयात, नाव नोंदवलं आणि बेरोजगारी भत्ता सुरू झाला. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के मिळतात, मूल असेल तर ६७. पन्नाशीच्या आतल्या माणसाला जास्तीत जास्त १२ महिने.

त्याच सुमारास मी टाफेलमध्येही जायला लागले होते. सुपरमार्केटांत उरलेलं, तारीख जवळ आलेलं पण खाण्याजोगं अन्न गोळा करून गरजूंना नाममात्र पैशांत किंवा फुकट देणारी ही संस्था. १९९३ साली बर्लिनमध्ये सुरू झाली, आता देशभरात ९०० च्या वर ठिकाणी चालते. माझं काम भाजी निवडायचं. सडकं गाजर एकीकडे, चालण्यासारखं दुसरीकडे. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "सांगलीत कधी मेथी निवडली नाहीस, आणि तिथे जाऊन फुकट राबतेस?"

दोन-तीन मैत्रिणींनी मात्र वेगळीच भीती घातली. भत्ता चालू असताना असलं काम केलं तर तो बंद होतो म्हणे. म्हणून हे जरा नीट सांगते, कारण आपल्या लोकांत याबद्दल बराच गोंधळ आहे.

इथे बेरोजगार कोण हे ठरवताना आठवड्याला १५ तासांची रेघ आहे. पगारी काम १५ तास किंवा त्याहून जास्त झालं की तुम्ही बेरोजगार उरत नाही, मग पगार कितीही फुटकळ असो. रेघेच्या आत राहून कमावलंत तर महिन्याला १६५ युरो तुमचे, त्यावरचे भत्त्यातून कापले जातात. स्वयंसेवेला मात्र कायद्यात वेगळी जागा आहे. ती १५ तास किंवा त्याहून जास्त झाली तरी चालते, फक्त आम्टाला लगेच कळवायचं, आणि तिच्यापायी नोकरी शोधणं किंवा मिळालेली नोकरी धरणं अडता कामा नये. मुलाखतीचं बोलावणं आलं की गाजरं तिथेच टाकून निघायचं. बसभाडं वगैरे पदरचा खर्च परत घेतलात तर हरकत नाही.

पण काम लोकहिताचं हवं आणि संस्था नफ्यासाठी चालणारी नको. ओळखीच्या एका गृहस्थांनी मला "आमच्या स्टार्टअपचं जरा बघ, पैसे नाहीत पण अनुभव मिळेल" असं सुचवलं होतं. वीस वर्षं काम केलेल्या बाईला अनुभव! त्याला स्वयंसेवा म्हणत नाहीत. ते वेठ.

जर्मनमध्ये स्वयंसेवेला 'एरनआम्ट' म्हणतात, शब्दशः मानाचं पद. आपल्याकडे याच गोष्टीला 'बिनपगारी, फुल अधिकारी' म्हणतात आणि हसतात. नोकरी नसलेल्या माणसाला तर आपण सरळ 'बेकार' म्हणतो, आणि भाजी नासली तरी शब्द तोच.

मला खरा राग येतो तो एका सल्ल्याचा. "भत्ता घेतेस ना, मग समाजाला काहीतरी परत दे." सांगणारे प्रेमाने सांगतात, पण हा भत्ता कुणी दयेपोटी घातलेली भीक नाही. तो विमा आहे. सध्या त्याचा हप्ता पगाराच्या २.६ टक्के, त्यातले निम्मे कापतात ते आपल्याच पगारातून. गाडीला अपघात झाल्यावर विम्याचे पैसे घेतले म्हणून कुणी रस्ता झाडायला जातं का? मी टाफेलमध्ये जाते कारण मंगळवारी सकाळी आठ वाजता कुठेतरी माझी वाट बघितली जाते, आणि त्या दिवसांत तसं दुसरं ठिकाण नव्हतं. माझ्या बाजूने कारण इतकं स्वार्थी आहे. शिवाय काउंटरपलीकडे उभ्या माणसांत एकदा माझ्या जुन्या इमारतीतला एक जण दिसला. आम्ही दोघांनी ओळख दाखवली नाही. घरी येऊन मी माझ्या १२ महिन्यांतले किती उरले ते मोजलं.

तर मंडळ. मी त्यांना सांगितलं की आठवड्याला १५ तास झाले की मला आम्टाला कळवावं लागतं, टाफेलचे आठ तास धरलेले आहेत, तेव्हा तुमच्या वाट्याला सहा. हे खोटं नव्हतं. कळवणं म्हणजे दोन ओळींचा मेल, हे मी बोलले नाही इतकंच. फोनवर जरा शांतता पसरली. मग हॉलचं काम खजिनदारांनी घेतलं, स्वयंपाकाचं दोन वहिनींनी, आणि मी नाचाच्या तालमी घेतल्या, ज्या मला मनापासून आवडतात.

यंदा आमच्यातल्या आणखी दोघांची नोकरी गेली. अध्यक्षांनी परवा मला विचारलं, "त्यांना कामाला बोलावू का गं?"

म्हटलं, बोलवा की. फक्त "घरीच आहेस ना" म्हणून सुरुवात करू नका.