केंब्रिजच्या नावावर लाथाळी खपवू नका

पुण्यातल्या पालकांच्या आणि रविवारी सकाळी खेळणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या 'फुटबॉलचा खरा इतिहास' नावाचा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: १८४८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी फुटबॉलचा शोध लावला. त्यांचा क्लब जगातला सर्वांत जुना. त्यांच्या नियमांत हाताला पूर्ण बंदी, पण ढकलणं, पायात पाय घालणं, नडगीवर लाथ मारणं सगळं माफ. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने १८६३ मध्ये तेच नियम जसेच्या तसे उचलले. ऑक्सफर्डच्या पोरांनी तर १८७४ मध्ये व्यावसायिक संघांना लोळवून एफए कप, म्हणजे त्याच असोसिएशनची स्पर्धा, जिंकून नेला. आणि शेवटी उपदेश: 'आजचे रेफरी मुलांना नाजूक करताहेत. पोरांना मार खाऊ द्या, हाच मूळ खेळ.'

भाच्याच्या टीमच्या ग्रुपवर हा मजकूर खुद्द त्याच्या कोचने टाकला, वर 'वाचा आणि विचार करा' अशी टीप जोडून. वाचला. विचारही केला.

लाथांपासूनच सुरुवात करू, कारण बाकीच्या चुकांनी कुणाचा पाय मोडत नाही. केंब्रिजच्या नियमांची आज हाती असलेली सर्वांत जुनी प्रत १८५६ ची आहे आणि ती इंग्लंडमधल्या श्रूसबरी स्कूलमध्ये जपलेली आहे. उणीपुरी अकरा कलमं, वाचायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्यातलं दहावं कलम सांगतं की खेळाडूला धरणं, हाताने ढकलणं किंवा पाय अडकवून पाडणं कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. पुढे म्हटलंय, समोरच्याला बॉलपासून कोणत्याही मार्गाने रोखता येईल, पण तो मार्ग वरच्या नियमांत बसणारा हवा. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने 'कोणत्याही मार्गाने' एवढंच उचलून उरलेलं गिळलेलं दिसतं. १८६३ मध्ये केंब्रिजने नियम नव्याने लिहिले. त्यात अंगाने धडक देणं चालत होतं, पण धरणं, ढकलणं, पाडणं आणि नडगीवर मारणं स्पष्ट शब्दांत बंद होतं.

मग लाथांची बाजू घेत कोण होतं? १८६३ च्या शेवटी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये असोसिएशनच्या बैठका झाल्या. पहिल्या मसुद्यात बॉल हातात घेऊन पळायला आणि नडगीवर लाथ मारायला मुभा होती. तेवढ्यात केंब्रिजचे नवे नियम छापून आले आणि वारं फिरलं. ब्लॅकहीथ क्लबचे कॅम्पबेल चिडले. लाथा काढल्या तर खेळातलं धैर्यच संपेल, मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचसुद्धा तुम्हाला हरवतील, असं त्यांचं म्हणणं. ते हरले, ब्लॅकहीथ बाहेर पडला आणि १८७१ मध्ये रग्बी युनियन स्थापन करणाऱ्यांत जाऊन बसला. म्हणजे कोचसाहेब ज्या 'मूळ फुटबॉल'ची आठवण काढताहेत, तो फुटबॉल सोडून गेलेल्यांचा युक्तिवाद आहे.

आजचा नियमही गुंतागुंतीचा नाही. निष्काळजी टॅकलला, म्हणजे समोरच्याच्या पायातून बॉल काढायच्या प्रयत्नाला, फ्री किक, बेदरकार टॅकलला पिवळं कार्ड, गरजेपेक्षा जास्त ताकद वापरली तर लाल. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर हे आणखी कडक पाळायला हवं. मुरुमावर बुटांचे स्टड रुतत नाहीत, टॅकल करणारा घसरत जातो, बॉल निघून गेल्यावर पोचतो आणि थेट घोट्यावर आदळतो. शिनगार्ड नडगी झाकतो, घोटा नाही. मुलांना आधी उभ्याने टॅकल शिकवावा: टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, गुडघे किंचित वाकलेले, घोटा घट्ट आणि पावलाच्या आतल्या बाजूने बॉलच्या मधोमध मार. स्लाइडिंग नंतर, गवतावर किंवा टर्फवर.

'हाताला पूर्ण बंदी'. पुन्हा तीच १८५६ ची प्रत काढा. आठवं कलम: कुणाच्या पायावरून थेट आलेला बॉल झेलता येतो आणि झेलून किकही मारता येते, फक्त तो घेऊन पळायचं नाही. शिवाय बॉल थांबवायला हात चालतो. पकडण्यावर बंदी आली ती १८६३ च्या केंब्रिज नियमांत. फॉरवर्डने १८४८, १८५६ आणि १८६३ यांची मिसळ करून ठेवली आहे.

त्यात 'जसेच्या तसे' हा दावा तर आपोआपच पडतो. केंब्रिजने १८६३ मध्ये झेलणं बंद केलं, असोसिएशनने त्याच वर्षी ते चालू ठेवलं. तिकडे झेल १८६६ मध्ये गेला आणि हाताचा वापर पूर्ण थांबायला १८७० उजाडलं. १८५६ च्या केंब्रिजमध्ये बॉल खांबांमधल्या दोरीखालून गेला तरच गोल. असोसिएशनच्या पहिल्या नियमांत खांबांच्या मधून कितीही उंचावरून गेला तरी गोल. ऑफसाइड, म्हणजे बॉलच्या पुढे उभ्या खेळाडूने कधी खेळायचं नाही हा नियमही वेगळा. १८५६ मध्ये पुढे उभ्या खेळाडूसमोर विरुद्ध संघाचे निदान चार जण लागत. असोसिएशनने सुरुवातीला बॉलच्या पुढचा प्रत्येक जण बाद धरला, १८६६ मध्ये तीन जणांवर आणि १९२५ मध्ये दोघांवर आणलं. एसएसपीएमएसच्या मैदानावर आपला लाइन्समन शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत पळतो, तो या १९२५ च्या बदलामुळे.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवी. लाथा आणि बॉल घेऊन पळणं असोसिएशनने वगळलं, त्यात केंब्रिजचा हात नक्की आहे.

शोधाबद्दल फार लिहावंसं नाही. ईटन, रग्बी, हॅरो इथली मुलं आपापल्या शाळेचा फुटबॉल घेऊनच केंब्रिजला येत. रग्बी स्कूलचे छापील नियम १८४५ चे आहेत. एकत्र खेळताना भांडणं होत म्हणून १८४८ मध्ये बसून समाईक नियम केले. त्या नियमांची प्रत उरलेली नाही. बैठकीची हकिकत आपल्याला कळते ती त्या बैठकीत स्वतः असलेल्या हेन्री माल्डन यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या पत्रातून, म्हणजे जवळपास अर्धशतकानंतर.

सर्वांत जुना क्लब? १८५६ च्या प्रतीत 'युनिव्हर्सिटी फुट बॉल क्लब' असं नाव आहे, तेव्हा शेफील्ड क्लबच्या (१८५७) आधीचा म्हणायला जागा आहे. पण मग एडिंबरामध्ये १८२४ मध्ये निघालेल्या आणि १८४१ मध्ये बंद पडलेल्या फुटबॉल क्लबचं काय करायचं? फिफा मान देते शेफील्डला, कारण तो क्लब आजही खेळतोय.

राहिलं ऑक्सफर्ड. १४ मार्च १८७४ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर, एफए कपच्या फायनलमध्ये त्यांनी २-० ने हरवलं ते रॉयल इंजिनियर्सना, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना. व्यावसायिक खेळाडूंना इंग्लंडमध्ये मान्यताच १८८५ मध्ये मिळाली. ऑक्सफर्डची शेवटची फायनल १८८० ची. १८८३ मध्ये कप नेला ब्लॅकबर्न ऑलिंपिकने, ओल्ड ईटोनियन्सना, म्हणजे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना, २-१ ने हरवून. त्या संघात गिरणीतले विणकर होते, आणि सामन्याआधी त्यांनी ब्लॅकपूलला जाऊन मुक्काम ठोकून सराव केला होता.